विद्यार्थिदशेंतील उमेदवारी

जो शब्द दिवसांतून दहा वेळां कानीं पडूं लागतो त्याचा अर्थ हळूहळू झिजत जातो, असा सर्वांचा अनुभव आहे. आमच्या महाविद्यालयीन जगांत सध्यां ‘कौशल्य’ या शब्दाची अशीच अवस्था झालेली आम्हांस दिसते. प्रवेशाच्या माहितीपत्रकांत कौशल्य, प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणांत कौशल्य, पालकसभेंत कौशल्य. आणि विद्यार्थी तर पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यांत विचारूं लागतो कीं, नोकरीस उपयोगी पडेल असें येथें काय शिकावयास मिळणार? प्रश्न रास्त आहे. ज्या घरांतून तो आलेला असतो त्या घरानें त्याच्या शिक्षणासाठीं काय काय बाजूस सारलें आहे हें ज्याला ठाऊक आहे, तो या प्रश्नाला हंसणार नाहीं. तथापि प्रश्न रास्त असला म्हणजे त्याला मिळणारें प्रत्येक उत्तर रास्त असतेंच असें नव्हे.

‘कुशल’ या शब्दाची जुन्या पंडितांनीं दिलेली व्युत्पत्ति मोठी मार्मिक आहे. कुश म्हणजे दर्भ. त्याच्या पात्याला धार असते. हात न कापतां ज्याला तो आणतां येतो तो कुशल. मम्मटानें काव्यप्रकाशांत रूढ लक्षणेचें उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे. म्हणजे त्याच्या काळींच या शब्दाचा दर्भाशीं संबंध सुटून ‘निपुण’ एवढाच अर्थ उरला होता. परंतु मूळ कल्पना विसरून जाण्यासारखी नाहीं. जेथें चूक झाली असतां बोट कापतें, तेथें चूक न होऊं देण्याची संवय म्हणजे कौशल्य. दर्भ प्रत्यक्ष हातीं धरल्यावांचून ही संवय लागत नाहीं, आणि दर्भ आणल्याचा दाखला मिळविल्यानें तर ती मुळींच लागत नाहीं.

पदवी मिळण्यापूर्वींच पुढील उद्योगास लागणारीं कौशल्यें विद्यार्थ्यानें संपादन करावीं काय, आणि करावयाचीं तर कशा रीतीनें, हा वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा प्रश्न आहे. आम्ही तो नीतीचा प्रश्न मानतों. कां मानतों, हें एका घडलेल्या गोष्टीवरून अधिक स्पष्ट होईल.

केंद्र सरकारनें २०२० सालीं मान्य केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून आतां पदवीच्या अभ्यासक्रमांतच प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक दिले जातात. आमच्या येथें वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चार श्रेयांकांसाठीं १२० तास कोठें तरी काम करावें लागतें. रोजच्या कामाची नोंदवही ठेवावी लागते. जेथें काम केलें तेथील प्रमुखाचा दाखला जोडावा लागतो. आणि शेवटीं मार्गदर्शक प्राध्यापकाची सही व्हावी लागते. गेल्या वर्षीं असा एक विद्यार्थी आपली नोंदवही घेऊन आमच्याकडे आला. तीस दिवसांचा मजकूर एकाच शाईनें व एकाच बैठकींत लिहिलेला आहे, हें अक्षरावरून उघड दिसत होतें. दाखला एका कर-सल्लागाराच्या कचेरीचा होता. वस्तु व सेवा कराचें विवरणपत्र कोणकोणत्या कागदांवरून तयार करतात, एवढेंच आम्हीं त्याला विचारलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सर, मी तिथं गेलोच नाहीं. मामांच्या ओळखीचे आहेत. त्यांनी दाखला दिला.”

मग हे तीस दिवस तूं काय करीत होतास, असें विचारतां त्यानें जें सांगितलें तें ऐकून आम्ही चकित झालों. त्याची आई पोळीभाजी केंद्र चालविते. गेलीं तीन वर्षें तेथला हिशेब तोच ठेवतो. पीठ, तेल आणि गॅस यांचा खर्च, महिन्याच्या बोलीवर जाणाऱ्या डब्यांची यादी, कोणाकडे किती उधारी थकली आहे त्याची नोंद, पोळ्या लाटणाऱ्या दोघी बायांचा आठवड्याचा पगार, हें सर्व त्याच्या हातीं आहे. दर पोळीमागें किती सुटतें हें त्यानें आम्हांला तोंडी सांगितलें. गव्हाचा भाव चढला तेव्हां त्याचा आईशीं वाद झाला होता, तोहि सांगितला. त्याचें म्हणणें, पोळीचा दर तसाच ठेवून भाजीची वाटी थोडी लहान करावी, म्हणजे गिऱ्हाईक तुटणार नाहीं. आईचें म्हणणें, दर उघडपणें वाढवूं. वाटी लहान करावयाची नाहीं. शेवटीं आईचें खरें झालें, चार डबे तुटले, आणि दोन महिन्यांनीं त्यांतले तीन परत आले.

“हें सर्व तूं वहींत कां लिहिलें नाहींस?” असें आम्हीं विचारलें. त्यानें आश्चर्यानें आमच्याकडे पाहिलें. “सर, ते काय काम आहे? ते तर घरचं आहे.”

जें खरें होतें तें त्याला दाखविण्याजोगें वाटलें नाहीं, आणि जें दाखविलें तें खरें नव्हतें. हा दोष त्या मुलाचा आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु दाखविण्याजोगें काय आणि न दाखविण्याजोगें काय, हें त्याला कोणीं शिकविलें? आम्हींच. म्हणून या प्रश्नाचा विचार करतांना आम्ही स्वतःस न्यायाधीशाच्या आसनावर बसवूं शकत नाहीं.

आमच्या व्यवसायबंधूंपैकीं पुष्कळांचें मत असें कीं, विद्येची नोकरीशीं सांगड घातली तेथेंच बिघाड झाला; पूर्वीं विद्या विद्येसाठीं होती, आतां ती पोटासाठीं झाली. हें मत ऐकावयास गोड आहे, पण इतिहास त्याला साक्ष देत नाहीं. १८५४ सालच्या ज्या शैक्षणिक खलित्यांतून आमचीं विद्यापीठें निघालीं, त्यांतच सरकारला विश्वासू व लायक नोकर मिळावे हा हेतु उघडपणें नमूद केलेला होता. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें ज्ञानाच्या केवळ प्रेमानें नव्हे. त्याच मुंबईंत १८८७ सालीं यंत्रविद्येसाठीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालें, १९१३ सालीं व्यापारशिक्षणासाठीं सिडनहॅम कॉलेज निघालें. म्हणजे आमच्या उच्च शिक्षणाच्या पायांतच चाकरीचा दगड आहे. त्या पायावर ज्यांनीं ज्ञानाचें मंदिर उभारलें त्यांचे उपकार मोठे. पण पाया कसला होता हें विसरून आजच्या विद्यार्थ्याला मात्र पोटार्थी म्हणून हिणविणें हा कृतघ्नपणा होय.

या पंथाच्या लोकांना दोन इंग्रज ग्रंथकारांचा मोठा आधार वाटतो. न्यूमन यानें १८५२ सालीं डब्लिन येथें दिलेल्या व्याख्यानांत ज्ञान हें स्वतःच स्वतःचें फळ आहे असें प्रतिपादन केलें. आणि मिल्ल यानें १८६७ सालीं सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत भाषण करतांना असें सांगितलें कीं, विद्यापीठानें माणसाला वकील किंवा वैद्य करावयाचें नसून समंजस माणूस करावयाचें आहे. तो समंजस झाला म्हणजे समंजस वकीलहि आपोआप होईल. आमच्याहि शिक्षकांनीं हीं मतें आम्हांला पढविलीं व आम्हींहि तीं पुढें अनेक वर्षें पढविलीं. त्यांत मोठें सत्य आहे हें आम्ही आजहि मानतों. पण दोन गोष्टी लक्षांत ठेविल्या पाहिजेत. एक म्हणजे, त्याच न्यूमननें आपल्या डब्लिनच्या विद्यापीठाला १८५५ सालीं वैद्यकाची शाळा जोडली. ज्ञानाच्या स्वयंपूर्णतेविषयींचें त्याचें मत त्याला आड आलें नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समंजस माणूस पुढें आपोआप वकील होतो हें खरें; पण हें आपोआप होण्यास चारदोन वर्षांचा अवकाश लागतो, आणि त्या अवकाशांत त्याच्या जेवणाचा खर्च कोणी तरी सोसावा लागतो. ज्याच्या घरीं वडिलांचें निवृत्तिवेतन येतें त्याला हें परवडतें. ज्याच्या घरीं पोळ्यांच्या हिशेबावर महिना काढावयाचा असतो त्याला परवडत नाहीं.

कर्मवीर भाऊराव पाटील यांना हें सत्य पुस्तकावांचून समजलें होतें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढें १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय काढलें, तें ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. त्या मुलांनीं शेतांत काम केलें, मातींत हात घातले, आणि त्या श्रमावर आपलें शिक्षण केलें. येथें एक भेद स्पष्टपणें ध्यानीं धरला पाहिजे. ‘कमवा व शिका’ यांतील श्रम हे पुढें मिळणाऱ्या नोकरीची तालीम नव्हते. शेत नांगरणारा प्रत्येक मुलगा पुढें शेतीच करणार अशी कोणाचीहि कल्पना नव्हती. श्रम हे शिक्षणाचें मोल होतें आणि त्याबरोबर स्वाभिमानाचें शिक्षणहि होतें. आज आम्ही ज्याला कौशल्यशिक्षण म्हणतों त्यांत श्रमाचा हा दुसरा अर्थ पुष्कळदां गळून पडतो, आणि उरतें तें केवळ भावी मालकापुढें ठेवावयाचें एक पान.

आमच्या पूर्वजांना मात्र हातच्या कामाचें महत्त्व कळत नव्हतें असें नाहीं. समर्थांचा दासबोध हा परमार्थाचा ग्रंथ. पण त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास अक्षर कसें काढावें यावर आहे. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें, ओळींत सारखें अंतर असावें, आणि ग्रंथाचें पहिलें अक्षर व शेवटचें अक्षर एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, असा त्याचा आशय आहे. ब्रह्माचें निरूपण करणाऱ्या पुरुषाला शाई, कागद आणि लेखणी यांची एवढी काळजी कां वाटावी? आम्हांस वाटतें तें असें कीं, जो माणूस शंभर पानें सारख्या मनानें लिहूं शकतो, त्याच्या मनाला कांहीं तरी वळण लागलेलें असतें. पहिल्या पानावर नीटनेटकेपणा कोणालाहि साधतो. पण शेवटचें पान पहिल्यासारखें उतरणें, याला कौशल्य म्हणावें. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वहींतहि पहिलें अक्षर व शेवटचें अक्षर एकाच लेखणीचें दिसत होतें; पण तें एका रात्रींत लिहिलें म्हणून! बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत आंतून किती अंतर असूं शकतें याचें हें उदाहरण आहे.

ज्याला आज ‘इंटर्नशिप’ म्हणतात त्याला आमच्या भाषेंत फार जुना शब्द आहे: उमेदवारी. इंग्रजी अंमलांत मामलेदाराच्या कचेरींत तरुण मुलें उमेदवार म्हणून बसत. पगार नसे. ज्येष्ठ कारकुनाच्या हाताखालीं नकला कराव्या, दप्तर बांधावें, मोडी वाचावयास शिकावें, बेरजा ताडून पाहाव्या, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहावी. या पद्धतींत दोन गुण होते. काम खरें होतें. नक्कल चुकली तर कोणाची तरी जमीन चुकीच्या नांवावर चढण्याचें भय असे. आणि चूक दाखविणारा माणूस शेजारींच बसलेला असे. परंतु तिच्यांत एक मोठा दोष होता. बिनपगारी वर्ष दोन वर्षें बसून राहणें ज्यांच्या घरच्यांना शक्य होतें त्यांचींच मुलें उमेदवार होत. आणि म्हणून कारकुनी त्याच त्या घरांतून वंशपरंपरेनें चालत राही. कोणीं कोणाला मज्जाव केलेला नव्हता. दार उघडें होतें. पण दाराशीं बसून राहण्याचा खर्च सर्वांना झेपणारा नव्हता.

आजच्या उमेदवारींत नेमकें उलटें होऊं पाहत आहे कीं काय, अशी आम्हांस भीति वाटते. जुना दोष तसाच राहिला आहे. मुंबईपुण्याच्या एखाद्या कचेरींत दोन महिने बिनपगारी काम करावयाचें तर खोलीचें भाडें आणि जेवणाचा खर्च खेड्यांतल्या विद्यार्थ्यानें कोठून आणावा? आणि जुने गुण मात्र जात चालले आहेत. एकाच वेळीं हजारों विद्यार्थी दारोदार कामाची भिक्षा मागूं लागले म्हणजे त्यांना देण्याजोगें खरें काम कोणाजवळ असणार? मग दाखला दिला जातो, काम दिलें जात नाहीं. कायदा या बाबतींत आमच्यापेक्षां शहाणा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानें कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारास विद्यावेतन देण्याचें बंधन मालकावर घातलें. त्यामागील न्याय साधा आहे: ज्याच्या श्रमाचा तुम्हांला उपयोग होतो त्याला तुम्ही कांहीं दिलें पाहिजे. आणि ज्याच्या श्रमाचा कोणालाच उपयोग होत नाहीं, त्याला तुम्ही काम शिकवीत आहां असें म्हणूं नये.

यावरून खऱ्या उमेदवारीचीं तीन लक्षणें आम्हांस सुचतात. पहिलें, तें काम कोणाला तरी खरोखर हवें असावें. दुसरें, तें काम जाणणारा माणूस जवळ असावा आणि त्यानें चूक दाखवावी. तिसरें, चूक झाली असतां तिचे परिणाम शिकणाऱ्याला जाणवावे, पण त्यानें तो कायमचा मोडून पडूं नये. पोळीभाजीच्या केंद्रांत हीं तिन्ही लक्षणें होतीं. काम हवें होतें. आई चूक दाखवीत होती. आणि चार डबे तुटले त्याची झळ घरांतल्या सर्वांना लागली, पण घर मोडलें नाहीं. कर-सल्लागाराच्या दाखल्यांत यांपैकीं एकहि लक्षण नव्हतें.

येथें कोणी म्हणेल कीं, हिशेब ठेवणें हें कौशल्य आतां यंत्रें करतात. त्याचें एवढें स्तोम कशाला? हा आक्षेप बिनमोल नाहीं. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आलें तेव्हांपासून पत्रें लिहिणें, सारांश काढणें, तक्ते मांडणें, संगणकास आज्ञा लिहिणें, हीं जीं कामें नवशिक्या पदवीधराच्या वांट्यास येत असत, त्यांपैकीं पुष्कळ कामांचा कच्चा खर्डा यंत्र क्षणांत करून देतें. जीं कौशल्यें शिकण्यासाठीं विद्यार्थ्यानें पहिल्या वर्षीं पैसे भरले, तीं तिसऱ्या वर्षीं शिळीं झालेलीं असतात. आणि खोटी नोंदवही लिहिणें तर यंत्राच्या दृष्टीनें अगदींच सोपें. पुढच्या खेपेस एकाच शाईचा पुरावाहि आमच्या हातीं राहणार नाहीं. परंतु याच कारणानें आम्हांस असें वाटतें कीं, शिकावयाचें काय याचा विचार अधिक खोल गेला पाहिजे. यंत्र विवरणपत्र भरील. पण भरलेला आंकडा बरोबर आहे असें म्हणून त्याच्याखालीं सही करणारा माणूसच लागेल. ती सही करण्याची योग्यता कशानें येते? आंकडा चुकला असतां तो मनास खटकण्याइतका हिशेबाचा सराव हवा. समजलें नाहीं तेथें ‘समजलें नाहीं’ असें वरिष्ठाला सांगण्याचें धैर्य हवें. हातीं घेतलेलें काम शेवटच्या पानापर्यंत नेण्याची चिकाटी हवी. आणि चार ओळींत आपलें म्हणणें दुसऱ्याला कळेल असें लिहितां आलें पाहिजे. हीं कौशल्यें जुनीं आहेत, तीं कोणत्याहि एका नोकरीचीं नाहींत, आणि म्हणूनच तीं कोणत्याहि नोकरींत निरुपयोगी होत नाहींत. महाविद्यालयाचीं वर्षें त्यांसाठीं योग्य आहेत. कारण चूक करण्याची इतकी स्वस्त संधि पुढील आयुष्यांत फारशी मिळत नाहीं.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत असा विचार मांडला आहे कीं, मनुष्य घरें बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वैणिक होतो, आणि त्याचप्रमाणें न्यायाचीं कृत्यें करून न्यायी होतो. या विचाराचा पूर्वार्ध आमचे कौशल्यवादी मित्र आनंदानें स्वीकारतात. उत्तरार्धाकडे कोणी पाहत नाहीं. वस्तुतः दोन्ही भाग एकच आहेत. करण्यानें माणूस बनतो, मग तें करणें कसलेंहि असो. १२० तास खरें काम करणारा विद्यार्थी कांहीं शिकतो. आणि एका रात्रींत १२० तासांची खोटी वही लिहिणारा विद्यार्थीहि कांहीं शिकतोच. खोटें बेमालूम लिहिणें हेंहि एक कौशल्य आहे. तें लवकर येतें, अंगवळणीं पडतें, आणि पुढें बँकेंत, कचेरींत, इस्पितळांत, पुलाच्या बांधकामावर त्याचा उपयोग होतो. न तपासलेल्या पुलाचा तपासणी-अहवाल लिहिणारा माणूस हें कौशल्य नोकरी लागल्यावर शिकत नाहीं. तो तें बहुधा आमच्याचकडून शिकून जातो. आम्ही त्याला श्रेयांकहि दिलेले असतात.

छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम जाबालाची कथा या संदर्भांत आम्हांस वारंवार आठवते. तो गौतमाकडे शिकावयास गेला तेव्हां गुरूनें गोत्र विचारलें. आईनें सांगितलें होतें तेंच त्यानें सांगितलें: माझें गोत्र मला ठाऊक नाहीं, माझ्या आईचें नांव जबाला, माझें सत्यकाम. गुरूनें त्याला पदरीं घेतलें तें या सत्यासाठीं. कागदावर जें दाखवावयाचें तें त्याच्याजवळ नव्हतें. जें होतें तें त्यानें लपविलें नाहीं. इतकी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. गुरूनें त्याला ग्रंथ पढविण्यास आरंभ केला नाहीं. चारशें कृश, दुबळ्या गाई निवडून त्याच्या स्वाधीन केल्या. सत्यकाम म्हणाला, यांच्या सहस्र झाल्यावांचून परत येणार नाहीं. आणि कित्येक वर्षें तो रानांत राहिला. तेथें त्याला बैलानें, अग्नीनें, हंसानें आणि मद्गु नांवाच्या पाणपक्ष्यानें ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. तो परत आला तेव्हां गुरूला त्याच्या मुद्रेवरूनच कळलें कीं, याला ज्ञान झालें आहे. तरीहि सत्यकामानें मागितलें तें हेंच कीं, आतां तुम्ही मला शिकवा. आचार्यांकडून मिळालेली विद्याच चांगली फळते असें मीं ऐकलें आहे.

विद्या आणि उद्योग यांचा जो झगडा आम्ही दीडशें वर्षें चालविला आहे त्याचें उत्तर या कथेंत आहे असें आम्हांस वाटतें. गाई राखणें हें विद्येच्या आड येणारें काम नव्हतें; तें विद्येचें अर्धें अंग होतें. पण तें अर्धेंच होतें. रानांत शिकलेलें घेऊन तो गुरूकडे परत आला, आणि गुरूनें तें पूर्ण केलें. आमच्याकडे विद्यार्थी रानांत जातो तेव्हां आम्ही त्याला विसरतों. आणि तो परत येतो तेव्हां तूं काय पाहिलेंस हें न विचारतां गाईंची संख्या लिहिलेल्या कागदावर सही करतों. उमेदवारीच्या अनुभवाचा अर्थ लावून देणें, वाटी लहान करावी कीं दर वाढवावा हा प्रश्न अर्थशास्त्राचाहि आहे आणि नीतीचाहि आहे हें त्याला दाखविणें, हें आमचें काम होतें. ज्या धड्यासाठीं आम्ही वर्गांत परदेशी पुस्तकांतलीं उदाहरणें शोधीत होतों, तो धडा तिसऱ्या बांकावर बसलेल्या मुलाच्या घरीं रोज संध्याकाळीं चालू होता, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

आतां त्या मुलाचें पुढें काय झालें हें सांगितलें पाहिजे; कारण तें सांगितल्यावांचून हा लेख संपविला तर आम्हींहि आमची वही एका बैठकींत लिहिली असें होईल. आम्हीं त्याच्या वहीवर सही केली नाहीं. आईच्या केंद्रांतील काम खरेंखरें लिहून आण, असें सांगितलें. तेव्हां तो उद्धटपणानें नव्हे, अगदीं हळू आवाजांत म्हणाला, “सर, मागच्या वर्षीं माझ्या मित्राच्या वहीवर तुम्ही सही केली होती. तीहि अशीच होती.” तें खरें होतें. त्या वर्षीं एका दुपारीं आम्हीं चाळीस वह्यांवर सह्या केल्या होत्या व त्यांपैकीं एकहि उघडून वाचली नव्हती. आम्ही त्याला कांहीं उत्तर देऊं शकलों नाहीं.

त्यानें नवी वही लिहिली. ती साधी, ठिकठिकाणीं खाडाखोड केलेली, आणि चांगली होती. परंतु घरच्या धंद्यांतील काम ग्राह्य धरावें कीं नाहीं, आईचा दाखला हा दाखला होतो कीं नाहीं, याचा निर्णय समितींत लांबला. शेवटीं तें काम मान्य झालें; पण त्याचा निकाल इतरांच्या मागून लागला, आणि एका ठिकाणीं मिळूं घातलेली नोकरी तेवढ्यांत दुसऱ्याला गेली. चाळीस जणांचें खोटें चाललें आणि एकाचें खरें महाग पडलें. आमच्या सत्यनिष्ठेची किंमत आम्हीं दिली नाहीं. ती त्यानें दिली. त्याला नकार देण्यांत आमची चूक झाली असें आजहि आम्हांस वाटत नाहीं. पण चाळीस जणांना जो नियम लावला नाहीं तो एकाएकीं एकाला लावणें याला न्याय म्हणतां येईल काय, या प्रश्नाचें समाधानकारक उत्तरहि आम्हांस सांपडलेलें नाहीं. एवढें मात्र कळलें कीं, वेळेवर न पाळलेलें कर्तव्य मागाहून पाळूं गेलें असतां तें दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर पडतें.

यंदापासून आम्ही फक्त बारा विद्यार्थ्यांचें मार्गदर्शन पत्करलें आहे. कारण बारा वह्या दर आठवड्यास वाचणें आम्हांस शक्य आहे, चाळीस शक्य नाहीं. सहकाऱ्यांना हा आमचा आळस वाटतो, आणि राहिलेल्या वह्या त्यांच्यावर पडल्या असल्यामुळें त्यांच्या रागासहि कारण आहे. पालकांना आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, मुलानें सुटींत काय केलें याचा दाखला पाहण्यापूर्वीं एकदां त्याला समोर बसवून विचारावें: तुझ्या हातून काय चुकलें, तें कोणीं दाखविलें, आणि मग तूं तें कसें सुधारलेंस? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला देतां येतात त्याची उमेदवारी, ती गिरणींत झाली असो, कचेरींत झाली असो, वा आईच्या चुलीपाशीं झाली असो, वायां गेलेली नाहीं. आणि ज्याला तीं देतां येत नाहींत, त्याच्या दाखल्याखालीं आमची सही असली तरी तिच्यावर विश्वास ठेवूं नये.